चॅलेंजर का तुटलं? कुकरच्या रिंगपासून सुरुवात करू

जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे ढकललं जात होतं. कधी हवामान, कधी यंत्र. ११ जूनचं उड्डाण थांबलं ते रॉकेटच्या बूस्टरमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून. टीव्हीसमोर बसलेल्या घराघरांत तेव्हा साहजिकच विचारलं जात होतं, की एवढं अवाढव्य रॉकेट, गळती एवढीशी, मग थांबायचं कशाला? दुरुस्ती झाली आणि २५ जूनला शुक्ला फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रातून सुखरूप निघाले.

त्याच केंद्रात, शेजारच्याच तळावर, २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी चॅलेंजर नावाचं स्पेस शटल उभं होतं. आत सात जण होते: कमांडर डिक स्कोबी, वैमानिक मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेअर, ग्रेगरी जार्विस आणि क्रिस्टा मॅकऑलिफ. मॅकऑलिफ न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेत शिकवायच्या. अकरा हजारांवर शिक्षकांच्या अर्जांतून त्यांची निवड झाली होती आणि अंतराळातून त्या मुलांचा तास घेणार होत्या. म्हणूनच अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत मुलं टीव्हीसमोर बसली होती. उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला त्यांच्या डोळ्यांदेखत यान तुटलं. सातही जण गेले.

'थंडीमुळे रबराची रिंग निकामी झाली' हे एका ओळीचं उत्तर तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते बरोबर आहे, पण रिंगेपाशी थांबलं तर खरी गोष्ट कळायची राहून जाते. म्हणून क्रमानं जाऊ.

यानाला नेमकं काय काय जोडलेलं होतं?

शटल म्हणजे विमानासारखं दिसणारं यान. त्याच्या पोटाला एक प्रचंड नारिंगी टाकी, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे उंच नळकांड्यांसारखे बूस्टर. टाकीत द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन, म्हणजे यानाच्या मुख्य इंजिनांचं इंधन.

बूस्टरचा प्रकार वेगळा. त्यात घन इंधन भरलेलं असतं. दिवाळीतला भुईनळा आठवा. दारू ठासून भरलेली, आणि एकदा वात पेटली की ती संपेपर्यंत थांबवण्याचा उपाय नाही. शटलचा प्रत्येक बूस्टर म्हणजे सुमारे ४५ मीटर उंचीचा, जवळजवळ ५०० टन इंधनाचा भुईनळा. तो दोन मिनिटं जळायचा, आणि आतलं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जायचं. द्रव इंधनाचं इंजिन बिघडलं तर बंद करता येतं, हा बूस्टर बंद करता येत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

बूस्टर मॉर्टन थायोकोल ही कंपनी युटा राज्यात बनवायची. युटापासून फ्लोरिडा म्हणजे अख्खा देश ओलांडायचा. ४५ मीटरचं नळकांडं अखंड नेणं शक्य नव्हतं, म्हणून इंधन भरलेले तुकडे रेल्वेनं जायचे आणि फ्लोरिडात एकावर एक बसवले जायचे. तुकडे आले म्हणजे सांधे आले, आणि सांधा आला म्हणजे तो बंद कसा करायचा हा प्रश्न आला.

कुकरची रिंग आणि हा सांधा

स्वयंपाकघरात हे काम कोण करतं ते आपल्याला ठाऊक आहे. कुकरचं भांडं धातूचं, झाकणही धातूचं. धातूवर धातू कितीही घट्ट बसवा, बारीकशी फट राहतेच. ती रबराची रिंग बुजवते. रिंग सैल झाली की कडेनं वाफ फुसफुसते आणि शिट्टी होत नाही.

बूस्टरच्या प्रत्येक सांध्यात अशा दोन रिंगा होत्या. इंग्रजी 'ओ' अक्षरासारख्या गोल, म्हणून त्यांना ओ-रिंग म्हणतात. बूस्टरचा व्यास साडेतीन मीटरहून अधिक, त्यामुळे रिंगेचा घेर अकरा मीटरच्या वर. जाडी मात्र जेमतेम सात मिलिमीटर. आतल्या बाजूला उष्णता अडवायला एक लांबी (पुट्टी) भरलेली असायची, तिच्या मागे पहिली रिंग, आणि पहिलीच्या मागे दुसरी.

आता कुकरमधला आणि या सांध्यातला फरक पाहा. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं त्यात वाफेचा दाब वाढला की झाकण आणखी घट्ट बसतं. दाब आपल्या बाजूनं काम करतो. बूस्टरच्या सांध्यातही तसंच होईल, असं आराखडा करणाऱ्यांनी धरलं होतं. १९७७ मधल्या चाचण्यांत उलटंच दिसलं. बूस्टर पेटला की आतला दाब पाऊण सेकंदाच्याही आत शिगेला पोचायचा, नळकांड्याची भिंत किंचित फुगायची, आणि त्या ओढीनं सांधा बंद होण्याऐवजी जरासा उघडायचा. वाफ आल्याबरोबर झाकण केसभर उचलणारा कुकर डोळ्यांसमोर आणा.

अशा वेळी सगळी भिस्त रिंगेच्या चपळाईवर. फट रुंदावत असताना दबलेल्या रिंगेनं चटकन फुगून तिच्यात शिरायचं, गरम वायू तिथे पोचायच्या आत. हातात वेळ किती? सेकंदाचा अंश. पहिल्या साधारण सहाव्या हिश्श्यात जमलं तर जमलं.

थंडीत रबराचं काय होतं?

कुकरची रिंग सैल झाली की ती थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची, मग काही दिवस चालते, हा घरगुती उपाय अनेकांनी केला असेल. थंड रबर आकसतं आणि ताठ होतं. कुकरला तेवढ्यापुरता त्याचा फायदा होतो. पण ताठ झालेलं रबर दाबून सोडलं तर पूर्ववत व्हायला वेळ लावतं, आणि बूस्टरच्या रिंगेला नेमका वेळच नव्हता.

थायोकोलच्या इंजिनिअरांनी हे मोजलं होतं. रिंग दोन पट्ट्यांमध्ये दाबायची, पट्ट्या किंचित दूर न्यायच्या, आणि रिंग किती वेळात पुन्हा पट्टीला टेकते ते पाहायचं. सुमारे ३८ अंश सेल्सिअसला ती पट्टीला सोडतच नव्हती. २४ अंशांना टेकायला २.४ सेकंद लागले. १० अंशांना दहा मिनिटं वाट पाहून चाचणी थांबवली, रिंग टेकली नव्हती.

या आकड्यांपाशी मी दर वेळी अडखळतो. हाताशी सेकंदाचा अंश, आणि १० अंशांवर दहा मिनिटंही अपुरी. २८ जानेवारीला उड्डाणाच्या वेळी हवा २ अंशांवर होती. आदल्या रात्री तर पारा शून्याच्या बराच खाली गेला होता. नळ गोठून फुटू नयेत म्हणून तळावरचं पाणी बारीक धारेनं चालू ठेवलं होतं, त्याचे बर्फाचे सुळे मनोऱ्यावर लटकत होते. उजव्या बूस्टरचा खालचा सांधा सावलीत होता. त्याचं तापमान उणे २ अंशांच्या आसपास असावं, असा नंतर हिशेब निघाला.

एक गेली तर दुसरी होती ना?

होती, आणि तिच्यावरच अनेकांचा भरवसा होता. पण राखीव वस्तू कामाला येते ती मुख्य वस्तू ज्या कारणानं बिघडली ते कारण तिला लागू नसेल तेव्हा. वीज गेली तर म्हणून घरात मेणबत्ती ठेवतो, विजेवर चालणारा दुसरा दिवा ठेवून काय उपयोग? दोन्ही रिंगा त्याच रबराच्या, त्याच थंडीत रात्रभर गारठलेल्या, त्याच उघडणाऱ्या सांध्यात. सांधा उघडला की दुसरी रिंग तर पहिलीहून आधी जागा सोडण्याची शक्यता होती. नासाला हे कळलेलं होतं. डिसेंबर १९८२ मध्येच हा सांधा 'राखीव सोय असलेला' या यादीतून काढून 'निकामी झाल्यास यान आणि माणसं जातील' या यादीत टाकला होता. यादी बदलली, सांधा तोच राहिला.

त्या ७३ सेकंदांत काय घडलं?

सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी बूस्टर पेटले. ०.६७८ सेकंदाला उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून काळसर धुराचा पहिला भपका निघाला. पाठोपाठ आणखी भपके, आणि पावणेतीन सेकंदांच्या सुमाराला ते थांबले. धुराचा काळा रंग म्हणजे सांध्यातलं जळणारं ग्रीस, उष्णता अडवणारा थर आणि रबर. हे तळावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलं, पण त्या क्षणी कुणाच्या नजरेला आलं नाही. आलं असतं तरी पेटलेला बूस्टर विझवता येत नव्हता.

धूर थांबला कसा? घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते. ती जळून झालेल्या राखेच्या काचेसारख्या थरानं बहुधा ती फट तात्पुरती बुजवली. पुढचं अर्धं मिनिट यान नीट चाललं. मग ३७ व्या सेकंदापासून वाऱ्याचे आडवे झोत लागले, तोवरच्या शटल उड्डाणांत लागले नव्हते इतके जोरकस. यान त्यांच्याशी झुंजताना हेलकावलं आणि तो ठिसूळ थर बहुधा निखळला.

५८.८ सेकंदाला सांध्यापाशी ज्योत दिसली. तिचा रोख दुर्दैवानं टाकीकडे आणि बूस्टरला टाकीशी धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याकडे होता. ६४.७ सेकंदाला ज्योतीचा रंग आणि आकार बदलला, कारण टाकीतून हायड्रोजन गळू लागला होता. ७० व्या सेकंदाला स्कोबी यांनी इंजिनांचा जोर वाढवण्याच्या सूचनेला शांतपणे होकार दिला. ७२ व्या सेकंदाला खालचा दांडा तुटून बूस्टर वरच्या जोडाभोवती फिरला. लगेच हायड्रोजन टाकीचा तळ गेला, बूस्टरचं टोक वरच्या ऑक्सिजनच्या टाकीवर आदळलं, आणि चौदा किलोमीटर उंचीवर सगळं उधळलं.

म्हणजे यानाचा स्फोट झाला, नाही का?

दिसलं तसंच, पण घडलं थोडं वेगळं. आकाशात फुललेला तो पांढरा ढग म्हणजे एकदम मोकळं झालेलं, काही अंशी पेटलेलं इंधन. यान मोडलं ते हवेनं. आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं ते नाक पुढे ठेवून जात होतं, टाकी खालून गेल्यावर तिरकं झालं, आणि त्या वेगाच्या हवेनं त्याचे तुकडे केले. भर वाऱ्यात छत्री आडवी धरली तर काड्या मोडतात, त्यासारखं. दोन्ही बूस्टर तर ढगातून बाहेर पडून उडतच राहिले. सुरक्षा अधिकाऱ्याला ते ११० व्या सेकंदाला दुरून नष्ट करावे लागले.

या फरकाला महत्त्व आहे, कारण माणसं बसलेली केबिन एकसंध सुटली होती. ती वेगाच्या भरात सुमारे वीस किलोमीटरपर्यंत वर गेली, मग खाली येत, यान तुटल्यापासून पावणेतीन मिनिटांनी अटलांटिक महासागरात ताशी ३३० किलोमीटरच्या वेगानं आदळली. आपत्कालीन हवेचे चार संच सापडले, त्यांतले तीन चालू केलेले होते. म्हणजे तुटल्यानंतरही निदान काही जण काही क्षण भानावर होते. त्यापुढे त्यांना किती कळत होतं हे तपासात ठरवता आलं नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण 'सगळे एका क्षणात गेले' हा समज खरा नाही.

बाहेर पडण्याची सोय का नव्हती? शटलच्या पहिल्या चार उड्डाणांत दोनच वैमानिक असायचे आणि त्यांना उसळून बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या. पुढे माणसं वाढली आणि शटल 'नियमित सेवेत' आलं असं मानून त्या सोयीवर फुली मारली गेली. बूस्टर जळत असताना सुटकेचा कुठलाच मार्ग उरला नाही.

कुणालाच काही कळलं नव्हतं?

कळलं होतं, आणि बरीच वर्षं. नोव्हेंबर १९८१ मध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर समुद्रातून काढलेल्या बूस्टरमध्ये एक रिंग गरम वायूनं खाल्लेली सापडली होती. आराखड्याप्रमाणे रिंगेला वायू लागायलाच नको होता. पण यान सुखरूप परतलं होतं. पुढेही अधूनमधून रिंगा झिजलेल्या सापडत गेल्या आणि यानं परतत गेली. हळूहळू 'असं व्हायला नको' याचं 'एवढं होतंच' असं झालं.

घाट उतरताना ब्रेक जरा उशिरा लागतो असं एखाद्या चालकाच्या लक्षात येतं. पहिल्या दिवशी तो घाबरतो. दहाव्या खेपेला त्याला 'या गाडीचं असंच आहे' असं वाटू लागतं. चोविसाव्या खेपेला तर तो सोबत्याला सांगतो, 'अरे, चोवीस वेळा उतरलोय.' ब्रेक सुधारलेला नसतो. त्याचं भय तेवढं गेलेलं असतं. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी चॅलेंजरचा वर्षानुवर्षं अभ्यास करून या प्रकाराला नाव दिलं. आपल्या भाषेत त्याला धोका अंगवळणी पडणं म्हणता येईल. चॅलेंजरच्या आधी शटलची चोवीस उड्डाणं झाली होती.

जानेवारी १९८५ मधलं एक उड्डाण त्यातल्या त्यात थंडीतलं, सांध्याचं तापमान सुमारे १२ अंश. त्यात पहिल्या रिंगेपलीकडे काळीकुट्ट काजळी सापडली. त्याच वर्षी एप्रिलच्या उड्डाणात बूस्टरच्या तोंडाशी असलेल्या सांध्यातली पहिली रिंग पार जळून दुसरीलाही झळ लागली होती. थायोकोलचे इंजिनिअर रॉजर बोझोले यांनी ३१ जुलै १९८५ ला वरिष्ठांना लेखी कळवलं, की हे सुटलं नाही तर सर्वांत भयंकर प्रकारचा अनर्थ होईल, माणसं जातील. ऑक्टोबरमध्ये त्यांचे सहकारी बॉब एबलिंग यांच्या टिपणाची सुरुवातच 'मदत करा!' या हाकेनं झाली. नव्या सांध्याचं काम सुरू झालं होतं, पण जुन्या सांध्यावरची उड्डाणं थांबली नाहीत.

आदल्या रात्रीचा फोन

२७ जानेवारीच्या रात्री थंडीचा अंदाज ऐकून एबलिंग आणि सहकाऱ्यांनी धोक्याची घंटा वाजवली. तीन ठिकाणची माणसं फोनवर एकत्र आली: युटामध्ये थायोकोल, अलाबामात बूस्टरची जबाबदारी असलेलं नासाचं मार्शल केंद्र, आणि फ्लोरिडातला तळ. थायोकोलनं सांगितलं, सुमारे १२ अंशांखाली उडवू नका, त्याखालचा आमच्याकडे अनुभव नाही.

मार्शलचे बूस्टर प्रकल्प प्रमुख लॅरी मलॉय चिडले. 'मग मी उडवू कधी, एप्रिलमध्ये?' या अर्थाचं त्यांचं वाक्य पुढे फार गाजलं. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री तुम्ही नवा नियम काढताय, आणि तुमचे आकडे तो नियम सिद्ध करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचे सहकारी जॉर्ज हार्डी यांनी शिफारशीचा धक्का बसला असं म्हटलं, पण कंपनी नको म्हणत असेल तर आपण उडवणार नाही, असंही स्पष्ट केलं. म्हणजे नकारावर ठाम राहायला थायोकोलला वाव होता.

कंपनीनं पाच मिनिटं मागितली आणि अर्धा तास घेतला. बोझोले आणि अर्नी थॉम्पसन यांनी टेबलावर छायाचित्रं आणि आकृत्या मांडून पुन्हा विनवलं. शेवटी वरिष्ठ उपाध्यक्ष जेरल्ड मेसन अभियांत्रिकी प्रमुख बॉब लंड यांना म्हणाले, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. मत घेतलं ते चार अधिकाऱ्यांचं. इंजिनिअरांना विचारलं नाही. निर्णय फिरला. तळावर असलेले कंपनीचे ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा ती युटाहून दुसऱ्या अधिकाऱ्यानं केली आणि कागद फॅक्सनं आला. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या नासाच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत हा वाद पोचलाच नाही.

त्या रात्री नेमकं काय उलटलं, हे बोझोले यांनी पुढे चौकशीत सांगितलं. एरवी इंजिनिअरला विचारतात, 'सुरक्षित आहे हे दाखव.' त्या रात्री विचारलं गेलं, 'असुरक्षित आहे हे सिद्ध कर.' पुलावरून पुराचं पाणी चाललंय आणि एसटीचा चालक म्हणतोय, गाडी घालत नाही. त्यावर कुणी म्हणावं, 'पूल पडेल हे आधी सिद्ध कर, नाहीतर घाल.' तो बिचारा काय सिद्ध करणार? त्याच्याकडे शंका असते, अनुभव असतो, पुरावा नसतो. पुरावा गाडी घातल्यावरच मिळतो. माझ्या मते चॅलेंजर कोसळण्याचं मूळ कारण हा उलटा प्रश्न आहे. रबर थंडीत रबरासारखंच वागलं.

आकडे खरंच अपुरे होते का?

आकडे होते, मांडले अर्धे. इंजिनिअरांनी ज्या उड्डाणांत रिंगा बिघडल्या तेवढीच उड्डाणं तापमानाशी ताडून पाहिली. त्यात एक १२ अंशांचं होतं, पण एक २४ अंशांचंही होतं. मग मार्शलचे लोक म्हणाले, उबेतही बिघडतात, थंडीतही बिघडतात, तापमानाचा संबंध कुठे?

समजा, गावात पावसामुळे वीज जाते का हे ठरवायचंय. तुम्ही फक्त वीज गेलेल्या दिवसांची यादी केली. काही दिवस पावसाचे, काही कोरडे. संबंध दिसत नाही. आता वीज न गेलेले दिवसही लिहा. ते जवळजवळ सगळे कोरडे निघाले तर? चित्र क्षणात पालटतं.

चौकशी आयोगानं नेमकं तेच केलं. न बिघडलेली उड्डाणंही मांडली. साधारण १९ अंश किंवा त्याहून उबदार अशा वीस उड्डाणांपैकी फक्त तिघांत रिंगांना त्रास झाला होता. १७ अंश किंवा त्याखालच्या चार उड्डाणांपैकी चारही वेळा. आणि उद्याचा सांधा शून्याच्याही खाली. ही सगळी माहिती त्या रात्री उपलब्ध होती. घाईत, रात्री, काही तासांत तक्ते करणाऱ्या इंजिनिअरांना मी दोष देत नाही, त्यांचं मन बरोबर सांगत होतं. पण मनातली शंका कागदावर पूर्ण उतरली नाही, आणि समोरच्याला कागदच हवा होता.

राष्ट्राध्यक्षांच्या भाषणासाठी घाई केली का?

त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं संसदेपुढे वार्षिक भाषण होतं, त्यात शिक्षिकेचा उल्लेख व्हावा म्हणून वरून दट्ट्या आला, ही गोष्ट आजही ऐकू येते. चौकशीत त्याला आधार सापडला नाही. दबाव होता, पण रोजच्या कामातला. वर्षाला कितीतरी उड्डाणं करून दाखवण्याचं नासाचं आश्वासन होतं, आणि हे एकच उड्डाण आठवडाभरात अनेकदा पुढे गेलं होतं. आदल्याच दिवशी दाराच्या कडीचा एक बोल्ट निघेना, तेवढ्यात वारा वाढला आणि दिवस फुकट गेला होता. मला विचाराल तर हा दबाव फोनवरच्या हुकमापेक्षा वाईट. हुकूम देणाऱ्याचं नाव तरी सांगता येतं.

बर्फाच्या पाण्याचा पेला

विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगात नील आर्मस्ट्राँग, अंतराळवीर सॅली राइड आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. ११ फेब्रुवारीला जाहीर सुनावणीत फाइनमन यांनी रिंगेचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला आणि दाखवलं, की रबर लगेच उसळून येत नाही. एवढंच. अख्ख्या देशाला मुद्दा कळला.

फाइनमन यांनी आणखी एक गोष्ट खणून काढली. यान गमावण्याची शक्यता किती, असं विचारल्यावर प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर शंभरात एक म्हणत, आणि व्यवस्थापन लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक उड्डाण केलं तरी पावणेतीनशे वर्षांत एखादा अपघात. एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांवर हजारपटीचा फरक होता.

मग सुधारणा झाली का?

सांध्याची झाली. फट उघडू नये म्हणून धातूचा नवा ओठ, तिसरी रिंग, आणि सांधा गरम ठेवणारे हीटर आले. हे काम ज्यांनी सांभाळलं ते ॲलन मॅकडोनाल्ड, सही नाकारणारे. आयोगाच्या बंद सुनावणीत मागच्या रांगेतून उठून, आमच्या कंपनीनं उडवू नका असं कळवलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. त्याबद्दल कंपनीनं त्यांना खालच्या कामावर टाकलं होतं. अमेरिकी संसदेत आवाज उठला तेव्हा त्यांना परत आणलं गेलं. २९ सप्टेंबर १९८८ ला डिस्कव्हरी उडालं, आणि तो सांधा पुन्हा कधी दगावला नाही.

सवय मात्र उरली. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया उडताना टाकीवरच्या फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला. फेस याआधीही अनेक उड्डाणांत सुटला होता आणि यानं परतली होती. इंजिनिअरांनी पंखाची छायाचित्रं मागितली, ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान जळालं, त्यात करनालच्या कल्पना चावला होत्या. दोन्ही अपघातांच्या चौकशीत असलेल्या एकमेव सदस्य सॅली राइड. त्यांना तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकावी लागली.

आपल्या गगनयानाचं काय?

प्रश्न रास्त आहे, कारण गगनयान नेणाऱ्या रॉकेटलाही दोन घन इंधनाचे बूस्टर आहेत आणि तेही तीन तुकडे जोडून केलेले. पण चॅलेंजरमध्ये जे नव्हतं ते इथे आहे: माणसांची कुपी संकटात रॉकेटपासून ओढून दूर नेणारी यंत्रणा. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला तिची चाचणी झाली. त्या सकाळी उलटी गणती पाच सेकंदांवर आली असताना संगणकाला काहीतरी खटकलं आणि त्यानं सगळं थांबवलं. देशभर लोक हिरमुसले. दोष शोधून दहा वाजता चाचणी घेतली गेली आणि ती यशस्वी झाली.

एबलिंग

२८ जानेवारीच्या सकाळी युटामध्ये बोझोले आणि एबलिंग एका खोलीत पडद्यावर उड्डाण पाहत होते. त्यांना वाटत होतं, जे व्हायचं ते तळावरच, बूस्टर पेटताक्षणी होईल. यान सुटून वर गेलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. साठाव्या सेकंदाच्या सुमाराला एबलिंग बोझोले यांना म्हणाले, मी आत्ताच देवाचे आभार मानले. त्यानंतर तेरा सेकंद गेले.

एबलिंग यांनी लवकरच नोकरी सोडली. आपण कमी पडलो, आपल्याला पटवून देता आलं नाही, हे त्यांच्या मनातून तीस वर्षं गेलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ते एका रेडिओ मुलाखतीत बोलून दाखवलं. देवानं या कामासाठी मला निवडायला नको होतं, असं ते म्हणाले. त्यानंतर शेकडो अनोळखी लोकांची पत्रं आली. कित्येकांनी लिहिलं होतं, तुम्ही सांगितलं होतं, ऐकणाऱ्यांनी ऐकलं नाही. नासाकडूनही निरोप आला. ती पत्रं त्यांना वाचून दाखवली गेली, आणि मनावरचं ओझं हलकं झालं असं त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये ते गेले. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.